सेटिंग कोणत्या वहीत लिहावे?
(गिट वापरणाऱ्या धंदेवाईक घरांसाठी एक धडा)

बल्लारपूरच्या सरकारी डेपोतून सागाचा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला तीन मापे एकाच डोक्यात ठेवावी लागतात. डेपोच्या कागदावर माल घनमीटरमध्ये असतो. आरागिरणीत आणि बाजारात बोलणे घनफुटाचे चालते. घरी दरवाजा बसवून घेणारा गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा "रनिंग फुटाला काय घ्याल?" असे विचारतो. एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट, हे लाकडाच्या धंद्यातल्या पोरालाही तोंडपाठ असते. तीन मापे असूनही गोंधळ होत नाही, कारण कोणते माप कुठे लागू आहे हे सर्वांना माहीत असते. सरकारी नियम सगळ्यांना लागू, दुकानाचा रिवाज आपल्या दुकानापुरता आणि एखाद्या गिऱ्हाइकाशी काही वेगळे ठरले असेल तर तो करार त्या कामापुरता. करार झाला की दुकानाचा रिवाज तेवढ्या कामापुरता बाजूला राहतो.

संगणकावर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट नव्याने शिकवावी लागते. आजचा धडा त्याबद्दल आहे.

चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झाले, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली. तेव्हापासून सुतार, वेल्डर, शिलाईवाले, लग्नपत्रिका छापणारे, गॅरेजवाले अशा घरांतील कित्येक मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडली आहेत. त्यांतील काही पुण्या-हैदराबादला जातात, काही घरीच राहून दुकानाचा अंदाजपत्रकाचा प्रोग्रॅम लिहितात, नातेवाइकाच्या प्रेसची ऑर्डर-वही संगणकावर आणतात, तालुक्यातील दुसऱ्या दुकानदारांचेही असे काम मेहनताना घेऊन करतात. हा धंदा भांडवल कमी आणि अक्कल जास्त मागणारा आहे. आपल्या भागाला तो मानवतो. पण एका हाताने सुरू झालेले काम दुसऱ्या हाताकडे गेले की तिथे खोळंबा होतो. मुलाच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम नीट चालतो, भाच्याच्या संगणकावर बिघडतो. मुलगा नोकरीला गेला की दुकानाचा प्रोग्रॅम अनाथ होतो. पुष्कळदा प्रोग्रॅम चांगलाच लिहिलेला असतो. तो कसा चालवायचा याचे ठराव मात्र लिहिणाऱ्याच्या खासगी संगणकात राहिलेले असतात आणि त्याच्याबरोबरच निघून जातात.

गिट म्हणजे काय

प्रोग्रॅम लिहिणारे आपल्या कामाची रोजकीर्द ठेवण्यासाठी जे अवजार वापरतात त्याचे नाव गिट. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिले आणि त्याच वर्षापासून जुनिओ हमानो त्याची देखभाल करीत आले आहेत. ते फुकट मिळते, परवाना विकत घ्यावा लागत नाही. कोणत्या फाइलीत कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली याची नोंद गिट ठेवते. या नोंदीला कमिट म्हणतात. वहीतले पान फाडले तर शिलाईवरून कळते, तसे इथे जुनी नोंद गुपचूप खोडली तर पुढच्या सगळ्या नोंदींची खूण बदलते आणि चोरी उघडी पडते. म्हणून हिशेबाच्या माणसाला हे अवजार लवकर समजते, असा माझा समज आहे.

गिट चित्रांवर बोट दाबून चालवता येते, पण त्याची खरी पद्धत काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात डॉसवर फॉक्सप्रो चालवले त्यांना हे नवे नाही. त्या काळी कॉन्फिग.सिस नावाच्या फाइलीत "फाइल्स=४०" अशी ओळ नसली की हिशेबाचा प्रोग्रॅम मधेच "जास्त फाइली उघड्या आहेत" म्हणून बसायचा. संगणक तोच, प्रोग्रॅम तोच, फक्त एक ओळ कमी! सेटिंगचे महत्त्व त्या पिढीला ठोकर खाऊन कळले होते.

पुढे दिलेल्या आज्ञा मराठी अक्षरांत छापल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोन आडव्या रेघाच द्याव्यात, मधली जागा सोडली असेल तिथे सोडावी.

तीन वह्या

गिटची सेटिंगे मुख्यतः तीन ठिकाणी लिहिता येतात. पहिली वही संपूर्ण संगणकाची; तिच्यातील नियम त्या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला लागू. तिला सिस्टम म्हणतात. दुसरी वही त्या यंत्रावर आपल्या नावाने शिरणाऱ्या माणसाची. तिला ग्लोबल म्हणतात. नाव ग्लोबल असले तरी तिचा अंमल एकाच माणसाच्या खात्यापुरता चालतो. तिसरी वही एका प्रकल्पाची, म्हणजे एका कामाची, ती लोकल. कामाच्या फोल्डरमध्ये गिट एक लपलेले फोल्डर बनवते, त्यातच ही वही राहते.

तिन्ही वह्यांत एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळे लिहिले असेल तर कामाच्या सर्वांत जवळच्या वहीतील शब्द चालतो. लोकलने ग्लोबल मागे पडते, ग्लोबलने सिस्टम. डेपो, दुकान आणि करार हाच क्रम इथेही आहे. शिवाय आज्ञा देताना त्याच ओळीत "-सी" लावून एखादे सेटिंग सांगितले तर ते त्या एका आज्ञेपुरते सर्वांवर मात करते; गिऱ्हाईक समोर उभे असताना तोंडी ठरलेल्या भावासारखे.

संगणक क्लासमध्ये गिट शिकवताना बहुधा पहिल्याच दिवशी

गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम "तुमचे नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.ईमेल "तुमचा ईमेल"

या दोन ओळी टंकायला लावतात आणि तिथेच विषय संपतो. विद्यार्थ्याला वाटते, सेटिंग म्हणजे एकदा करून विसरायची गोष्ट. एकटा माणूस, एक लॅपटॉप, एक काम असेल तर हे भागून जाते. दुकानात भागत नाही.

नोंद कोणाच्या नावावर

उदाहरणादाखल असे समजा की बल्लारपूरला एका फर्निचर दुकानात एकच संगणक आहे. मालकाचा मुलगा अंदाजपत्रकाचा प्रोग्रॅम लिहितो. देसाईगंजहून आलेली चुलत बहीण त्यात गिऱ्हाइकांची यादी जोडते. सुट्टीत आणखी एक मुलगा छपाईचे पान सुधारतो. तिघेही त्याच संगणकावर, त्याच खात्यात बसतात. ग्लोबल वहीत पहिल्या मुलाचे नाव असल्यामुळे तिघांचे काम त्याच्याच नावावर चढत जाते. सहा महिन्यांनी मेहनतान्याचा हिशेब करायची वेळ येते तेव्हा वही सांगते की सर्व काम एकानेच केले. गिट खोटे बोलत नाही. त्याला जे नाव सांगितले तेच ते लिहिते. गिट या नावाची कोणतीही खातरजमा करत नाही, हेही मालकांनी ध्यानात ठेवावे.

याला उपाय दोन. एक, संगणकावर तिघांची वेगळी खाती उघडावीत. म्हणजे प्रत्येकाची ग्लोबल वही आपोआप वेगळी होते. हा उत्तम. दोन, ग्लोबल वहीतून नाव काढून टाकावे आणि पुढील सेटिंग करावे :

गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.युजकॉन्फिगओन्ली ट्रू

याचा अर्थ, "कोणी सांगितल्याशिवाय नाव स्वतःच्या अंदाजाने लिहू नकोस." २०१६ पासून ही सोय आहे. मग नाव न सांगता कमिट करू पाहिले की गिट काम अडवते. ज्याचे काम, त्याने आपल्या प्रतीच्या फोल्डरमध्ये जाऊन "--ग्लोबल" हा शब्द गाळून नाव आणि ईमेल द्यावा. तो लोकल वहीत जातो.

ईमेलबद्दल एक सूचना. प्रत्येक कमिटमध्ये ईमेल कायमचा लिहिला जातो. काम गिटहबसारख्या ठिकाणी सर्वांसाठी खुले ठेवले तर तो जगाला दिसतो. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी याचा आधीच विचार करावा. गिटहब स्वतःच एक निनावी ईमेल पत्ता देते, तो लोकल वहीत लिहावा. नंतर सेटिंग बदलले तरी जुन्या नोंदींतील ईमेल तसाच राहतो.

कोणी दोन-तीन मालकांची कामे करत असेल तर प्रत्येक कामात नाव-ईमेल पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो. त्यासाठी २०१७ पासून ग्लोबल वहीत "इन्क्लूडइफ" नावाची अट घालता येते. अमुक फोल्डरच्या आतले काम असेल तर अमुक फाइलीतली सेटिंगे उचल, असे तिथे सांगून ठेवायचे. गिरणीची कामे एका फोल्डरमध्ये, प्रेसची दुसऱ्यात, एवढी शिस्त पाळली की बाकीचे गिट पाहते.

मराठी नावाच्या फाइली

आपल्या माणसांना सर्वांत आधी अडवणारी अडचण ही आहे. फाइलीला "दर" असे मराठी नाव दिले आणि गिटला कामाची स्थिती विचारली की पडद्यावर नावाऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे येतात : \३४०\२४४\२४६\३४०\२४४\२६०. नवशिक्याला वाटते फाइल खराब झाली. कित्येक जण घाबरून फाइलींना इंग्रजी नावे देतात आणि मग दुकानातल्या कोणालाच कोणती फाइल कशाची ते कळत नाही.

फाइल खराब झालेली नसते. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. गिटचा मूळ रिवाज असा की इंग्रजीबाहेरचा बाइट दिसला की तो अक्षर म्हणून दाखवायचा नाही, अष्टमान पद्धतीतील आकडा म्हणून दाखवायचा. वरच्या ओळीत पहिले तीन आकडे "द"चे आणि पुढचे तीन "र"चे. सिरोंच्याकडे ज्यांना तेलुगूत नावे द्यायची असतात त्यांनाही हेच दिसते, फक्त मधला आकडा निराळा. उपाय एका ओळीचा आहे :

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

हे सेटिंग ग्लोबल वहीतच लिहावे, कारण हा दिसण्याचा प्रश्न आहे. माझ्या पडद्यावर मला काय दिसावे हे मी ठरवावे. त्याने कामात काही फरक पडत नाही. एवढे केल्यावरही काळ्या पडद्यावर जोडाक्षरे नीट जुळून दिसतीलच असे नाही. त्याची चिंता करू नये, ती पडद्याच्या अक्षरांची मर्यादा आहे. मात्र जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. तो या सेटिंगने सुधारणार नाही; आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. जुन्या प्रेसवाल्यांकडे असा मजकूर ढीगभर असतो.

ओळीच्या शेवटाची भानगड

टंकलेखन शिकलेल्यांना आठवत असेल की ओळ संपली म्हणजे दोन कामे होत : गाडी डावीकडून पुन्हा सुरुवातीला आणायची आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकाने ही दोन्ही कामे दोन चिन्हांच्या रूपाने उचलली. विंडोज ओळीच्या शेवटी दोन्ही चिन्हे लिहिते. लिनक्स आणि आजचे मॅक एकच लिहितात. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण एका मुलाने विंडोजवर आणि दुसऱ्याने लिनक्सवर तीच फाइल उघडून जतन केली तर गिटला सर्वच ओळी बदललेल्या दिसू शकतात. पाचशे ओळींच्या दरपत्रकात कोणी एकाच मालाचा दर बदलला असेल, तरी वही म्हणते की पाचशे ओळी बदलल्या. ज्यासाठी वही ठेवली, तेच तिच्यात सापडत नाही.

यासाठी "कोअर.ऑटोसीआरएलएफ" नावाचे सेटिंग आहे आणि विंडोजवर गिट बसवताना त्याविषयी प्रश्नही विचारला जातो. बहुतेक जण न वाचता पुढे जातात. आता एकाने एक उत्तर दिले, दुसऱ्याने दुसरे, तर? वैयक्तिक वहीत लिहिलेल्या गोष्टीवर दोघांची सहमती कशी राहणार?

कामाच्या फोल्डरमधली लोकल वहीही इथे उपयोगाची नाही, कारण लोकल वही कामाबरोबर प्रवास करत नाही. दुसऱ्याने कामाची प्रत घेतली (तिला क्लोन म्हणतात) की फाइली जातात, सर्व जुन्या नोंदी जातात, पण ती लपलेली लोकल वही जात नाही. त्याच्याकडे नवी, कोरी वही तयार होते. हा गिटमधला दोष समजू नये. सेटिंगांत अशीही कलमे असतात की त्यांच्यामुळे संगणक दुसरा एखादा प्रोग्रॅम चालवतो. अनोळखी माणसाचे काम घेतल्याबरोबर त्याचे हुकूमही आपल्या घरात चालू लागले तर धोका फार मोठा.

मग सर्वांचा मिळून जो ठराव आहे तो लिहायचा कुठे? कामाच्याच फाइलींत. त्यासाठी गिटने "डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स" नावाची फाइल ठेवली आहे. ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उघडपणे राहते, इतर फाइलींसारखी तिचीही नोंद होते आणि प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे ती पोहोचते. तिच्यात एवढीच ओळ पुरते :

* टेक्स्ट=ऑटो

म्हणजे मजकुराच्या सर्व फाइलींची ओळ-चिन्हे वहीत चढवताना एकसारखी कर. ही ओळ असली की कोणी गिट बसवताना कोणते उत्तर दिले होते याला महत्त्व उरत नाही. वहीत जे चढते ते सर्वांचे एकसारखे असते. काम आधीच सुरू झाले असेल तर फाइल टाकल्यावर एकदा "गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ ." ही आज्ञा द्यावी आणि त्या बदलाचे वेगळे कमिट करावे. त्यात दुसरे कोणतेही काम मिसळू नये.

घनफुटाच्या हिशेबालाही हेच लागू आहे. ७ फूट लांब, ५ इंच रुंद, ३ इंच जाड अशी चौकटीची एक दांडी घ्या. तिन्ही मापांचा गुणाकार करून १४४ ने भागले की ०.७२९ घनफूट येतात. चाळीस दांड्यांचे २९.१७. पण एकाने आपल्या संगणकावर प्रोग्रॅमला "प्रत्येक नगाचे एका दशांशापर्यंत घे" असे सांगून ठेवले असेल तर नग ०.७ चा होतो आणि चाळीस नगांचे २८ घनफूट भरतात. सव्वा घनफुटाच्या आसपास साग एका बिलात हवेत गेला! सागाच्या घनफुटाला हजारो रुपये पडतात हे वाचकांना सांगायला नको. तेव्हा माप कोणते, दशांश किती, पूर्णांक नगाला करायचा की बेरजेला, हे नियम कोणाच्या खासगी वहीत किंवा डोक्यात राहता कामा नयेत. प्रोग्रॅमबरोबर एका साध्या फाइलीत ते लिहावेत आणि त्या फाइलीची गिटमध्ये नोंद करावी. उद्या कोणी दशांश बदलला तर कोणी आणि कधी बदलला हे वहीच सांगेल.

जे प्रवासाला निघू नये

याच्या उलट काही गोष्टी कामाबरोबर कधीच जाऊ नयेत. गिऱ्हाइकाचे पासवर्ड, बँकेच्या ऑनलाइन वसुलीची गुप्त किल्ली, एसएमएस पाठवण्याच्या सेवेचा संकेतशब्द. ही दुसऱ्याची अमानत आहे. ती एका वेगळ्या फाइलीत ठेवावी आणि त्या फाइलीचे नाव "डॉट गिटइग्नोर" या फाइलीत लिहावे, म्हणजे गिट तिच्याकडे पाहत नाही.

इथे दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. पहिली, गिटइग्नोर हे फक्त नव्या फाइलींना लागू होते. फाइल आधीच नोंदीत गेली असेल तर नुसते नाव लिहून उपयोग नाही; "गिट आरएम --कॅश्ड" आणि पुढे फाइलीचे नाव अशी आज्ञा देऊन तिला नोंदीतून सोडवावे लागते. फाइल संगणकावर राहते, गिट तिचा माग ठेवणे थांबवते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गुप्त किल्ली एकदा कमिटमध्ये गेली आणि ते काम बाहेर पोहोचले तर नंतर फाइल पुसून काही साधत नाही. जुन्या नोंदीत ती वाचता येते; नोंद टिकवणे हाच तर गिटचा धर्म. अशा वेळी किल्लीच बदलावी आणि ज्याची अमानत होती त्याला त्याच दिवशी कळवावे. सांगायला संकोच वाटला तरी.

स्वतःच्या पासवर्डाचेही पाहावे. "क्रेडेन्शिअल.हेल्पर" या सेटिंगला "स्टोअर" असे मूल्य दिले की गिट तुमचा पासवर्ड संगणकावर साध्या अक्षरांत लिहून ठेवते, त्या खात्यात बसलेला कोणीही ती फाइल उघडून वाचू शकतो. घाईत असलेली मुले हाच मार्ग शोधून काढतात. सामाईक संगणकावर हे कदापि करू नये. लिनक्सवर त्याऐवजी "कॅश" लिहावे. ते पासवर्ड स्मृतीत ठेवते आणि वेळ वेगळी सांगितली नसेल तर पंधरा मिनिटांनी विसरते. विंडोजवर गिटबरोबरच क्रेडेन्शिअल मॅनेजर मिळते, ते वापरावे. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून अशा कामासाठी खात्याचा साधा पासवर्ड घेणे बंद केले आहे. तिथे टोकन काढावे लागते. टोकन हाही पासवर्डच समजावा.

आपला जामीन आपण राहता येत नाही

एप्रिल २०२२ पासून गिटमध्ये एक नवी खबरदारी आली आहे आणि पेनड्राइव्हवर काम नेणाऱ्यांना ती हमखास भेटते. फोल्डर दुसऱ्या कोणाच्या मालकीचे दिसले की गिट "मालकी संशयास्पद" असे सांगून काम नाकारते. पेनड्राइव्हच्या नेहमीच्या मांडणीत फाइलीचा मालक कोण हे लिहिलेलेच नसते, म्हणून विंडोजवर तिथेही हीच अडवणूक होते. कारण वर येऊन गेले आहे : फोल्डरच्या लोकल वहीत कोणी घातक हुकूम लिहून ठेवला असेल तर तो आपल्या संगणकावर चालू नये.

फोल्डर भरवशाचे असेल तर "सेफ.डिरेक्टरी" या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता "--ग्लोबल --अ‍ॅड" लावून जोडावा. हे सेटिंग फोल्डरच्या स्वतःच्या लोकल वहीत लिहिले तर गिट ते मानत नाही. कर्ज घेणारा स्वतःच स्वतःचा जामीन राहू शकत नाही, तसेच हे. काही ठिकाणी पत्त्याऐवजी फक्त तारांकित चिन्ह लिहून सर्वच फोल्डर भरवशाचे ठरवण्याचा सल्ला मिळतो. स्वतःच्या एकट्याच्या संगणकावर कोणी तो मानला तर मानो; दुकानाच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर मानू नये. सर्वांसाठी दार उघडेच ठेवायचे तर कुलूप घ्यायचे कशाला?

बिघाड शोधताना

सेटिंग केले पण चालत नाही, अशी तक्रार आली की पुन्हापुन्हा तेच सेटिंग टंकत बसू नये. आधी विचारावे :

गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन

यातून प्रत्येक सेटिंग आणि ते कोणत्या फाइलीतून आले हे समोर येते. एकच नाव दोनदा दिसले तर यादीत खाली असलेले चालू आहे असे समजावे. ग्लोबल वहीत बदल करूनही फरक पडत नसेल तर निम्म्या वेळा कारण हेच की लोकल वहीत जुने मूल्य पडून आहे. ते "गिट कॉन्फिग --लोकल --अनसेट" आणि पुढे सेटिंगचे नाव देऊन काढून टाकावे. दुसऱ्याकडून काम ताब्यात घेताना ही यादी त्याच्यासमोर काढून पाहावी. लोकल वहीत कामाचा एखादा ठराव सापडला तर तो त्याच्यादेखतच कामाच्या फाइलींत आणून घ्यावा. शिल्लक मेहनताना त्यानंतर द्यावा, असे मी मालकांना सांगेन.

रेंज नसेल तेव्हा

एटापल्ली, भामरागडकडे काम करणाऱ्यांना इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद पडल्याच्या बातम्या आपण कित्येक पावसाळे वाचत आलो आहोत. गिट तिथे उपयोगी पडते, कारण प्रत्येक प्रतीत सगळा इतिहास असतो. कमिट करायला जाळे लागत नाही. चंद्रपूरला काम पोहोचवायचे असेल तर

गिट बंडल क्रिएट काम.बंडल --ऑल

या आज्ञेने सर्व नोंदी एका फाइलीत बांधल्या जातात. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून एसटीने जाणाऱ्या माणसाजवळ द्यावी. चंद्रपूरच्या माणसाने ती आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि मग तिच्यावरून क्लोन करावे. त्याच्याकडे प्रत आधीपासून असेल तर त्या फोल्डरमध्ये "गिट बंडल व्हेरिफाय" देऊन गाठोडे पूर्ण आहे की नाही ते पाहावे. ही नुसती फाइल असल्यामुळे मालकीची वर सांगितलेली अडवणूक इथे होत नाही. गाठोड्यात गिटअ‍ॅट्रिब्यूट्स, गिटइग्नोर आणि घनफुटाच्या नियमांची फाइल नोंदींबरोबर जाते. लोकल वही जात नाही, गुप्त किल्लीची फाइल गिटइग्नोरमध्ये घातली असेल तर तीही जात नाही. किल्ली वेगळ्या वाटेने, शक्यतो समक्ष द्यावी आणि तिकडच्या माणसाने पहिले कमिट करण्याआधी आपले नाव आपल्या वहीत लिहावे.